बेलमिरोला दिसलेले जग्वार

११ ऑगस्ट

आज पहिल्यांदा माझ्या होडीवर माझं स्वतःचं गिऱ्हाईक बसलं. साओ पावलोचे ओताव्हियोसाहेब. नदीवरच्या प्राण्यांच्या फोटोंचं पुस्तक काढायचंय त्यांना, सप्टेंबर संपेपर्यंत मुक्काम आहे. बाकी सगळे नावाडी आधीच ठरलेले होते म्हणून मी त्यांच्या वाट्याला आले. हे लॉजच्या मालकिणीने, दोना ओंदिनाने, त्यांना माझ्यादेखत सांगितलं. तिच्या जिभेला हाड नाही.

साहेबांनी विचारलं, "बाई, होडी तुम्हीच चालवणार?"

म्हटलं, "नाही, तुम्ही चालवा, मी फोटो काढते."

हसले. चला, हसणारा माणूस आहे.

धक्क्यावर बेलमिरो होता, माझा थोरला भाऊ. नदीवरचा सगळ्यात जुना नावाडी. झुडपातला नुसता कान हलला तरी याला जग्वार दिसतो, असं लोक म्हणतात. गेल्या वर्षी मला परवाना मिळाला तेव्हा याच धक्क्यावर, सगळ्यांसमोर म्हणाला होता, "जा, भात शिजव." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. घर एकच, चुली दोन. आज येऊन त्याने माझ्या मोटरकडे बघितलं, वाकून पेट्रोलच्या नळीची पकड घट्ट केली आणि निघून गेला. दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय या माणसाला अन्न पचत नाही.

पाणमांजरांचं कुटुंब मिळालं, मासा खाताना. साहेब खूष.

१४ ऑगस्ट

जग्वार मिळाला. म्हणजे नेकोला मिळाला, आम्हाला त्याची रेडिओवरची हाक मिळाली. नेको तरुण आहे, सगळ्यात वेगवान होडी त्याची आणि सगळ्यात मोठं तोंडही त्याचंच. "त्रेस इरमाँस नदीच्या वळणावर, डाव्या काठाला, नर!" मी मोटर भरधाव सोडली. पोचलो तेव्हा अठरा-वीस होड्या आधीच लागल्या होत्या, एकमेकींना घासत. जग्वार काठावर झोपलेला. त्याने एक डोळा उघडला, सगळ्यांकडे बघितलं आणि मिटला. तेवढ्यात कॅमेरे लाह्या फुटाव्यात तसे फुटले.

साहेबांना मी ऊन पाठीशी येईल आणि दुसऱ्या होडीतली टोपी मधे येणार नाही अशी जागा दिली. "तुम्हाला कळतं हो," म्हणाले. मला का कळू नये?

त्यांना नवीन जग्वार हवाय, कोणी न पाहिलेला. कारण पहिला स्पष्ट फोटो ज्याचा, नाव ठेवायचा मान त्याचा, अशी आमच्या नदीची रीत आहे. कपाळावरच्या ठिपक्यांवरून ओळख पटवतात. त्यामुळे इथल्या निम्म्या जग्वारांना कोणा ना कोणाच्या भाच्यांची नावं आहेत. एका आडदांड नराचं नाव लिलिका आहे, मुलीचं. फोटोत नुसतं तोंड आलं होतं, पुढे कळलं तेव्हा उशीर झाला होता.

साहेबांना नातीचं नाव ठेवायचंय. आणि पुस्तकाच्या वेष्टनावर पिल्लू तोंडात धरून नेणारी मादी हवीय. म्हटलं, बघू.

१७ ऑगस्ट

साहेबांचं पोट बिघडलं. काल पिरान्या माशाचं सूप तीन वाट्या प्यायले, मी दुसऱ्या वाटीलाच सांगत होते. आज सुट्टी. मी तरतरीसाठी गुआरानाच्या बियांची पूड पाण्यात घोळून प्यायले आणि गळ घेऊन एकटीच निघाले.

पिकिरी नदीला लागायच्या आधी उजवीकडे एक ओढा फुटतो. तोंडाशी जलपर्णी इतकी की तिथे ओढा आहे हे वरून कळतही नाही. मासे चांगले लागतात म्हणून वल्ह्याने आत गेले. आत पडलेलं अंजिराचं झाड आहे. त्याच्या मुळांतून मादी बाहेर आली. तोंडात पिल्लू. ते तिने दोन हातांवरच्या बिळात ठेवलं, परत गेली, दुसरं आणलं. पिल्लांचे डोळे नुकते उघडलेले. तिने माझ्याकडे बघितलं. मी श्वाससुद्धा घेतला नाही. मग ती आत जाऊन पिल्लांभोवती वळून बसली.

कपाळावरचे ठिपके ओळखीचे नव्हते. नवी मादी, दोन पिल्लं, तोंडात धरून. साहेबांना पाहिजे ते सगळं एका जागी.

रेडिओ हातात घेतला आणि परत ठेवला.

गेल्या वर्षी अशीच एक मादी पिल्लासकट सापडली होती. हाक बेलमिरोची होती. आम्ही सगळे धावलो, मीसुद्धा तेव्हा लॉजच्या स्वयंपाकघरातली पोरगी म्हणून मागच्या होडीत बसले होते. होड्यांची भिंत झाली. मादी घाबरून पिल्लू तोंडात धरून नदीत शिरली, मधल्या धारेत होड्यांच्या लाटा आल्या आणि पिल्लू सुटलं. मगरी काय वाटच बघत असतात. बेलमिरो होडी वळवून परत आला, कोणाशी बोलला नाही आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कामावर. दगड आहे, दगड.

म्हणून मी हाक दिली नाही. पण नदीचा नियम एकच आहे: दिसलं की सांगायचं. आज तू मला, उद्या मी तुला. जो लपवतो त्याला पुढे कोणी हाक देत नाही, आणि हाकेशिवाय नावाडी म्हणजे नुसता होडी धुणारा. झेका नावाच्या नावाड्याने एकदा नर लपवला होता. आता तो पोकोने गावात ट्रक चालवतो. माझा पहिलाच हंगाम. कळलं तर मी परत भातावर.

पिल्लं पोहायला लागली की आईच त्यांना मोठ्या नदीवर आणेल. तोवर गप्प बसायचं.

बाहेर आले तर ओढ्याच्या तोंडाशी बेलमिरोची होडी. गिऱ्हाइकांना खंड्या दाखवत होता. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"मासे?"

"मासे."

माझ्या टोपलीत बघितलं. टोपली रिकामी होती. "हं," म्हणाला. मासे पकडता येत नाहीत म्हणून मनातल्या मनात हसला असणार.

२२ ऑगस्ट

आज जीव वरखाली झाला. आम्ही पिकिरीच्या तोंडाशी जाबिरू करकोच्यांचं घरटं टिपत होतो. साहेब लेन्स लावून बसलेले. तेवढ्यात बघते तर नेकोची होडी सरळ ओढ्याकडे. जलपर्णीला नाक लावून उभा राहिला आणि वल्ह्याने ती बाजूला सारायला लागला. गिऱ्हाइकांना मगरींची पिल्लं दाखवायची असतील.

आणि त्याच क्षणी रेडिओवर बेलमिरो. "जवळपास कोण आहे? ...बरं, सांगतो. कुयाबा नदीवर, गुरांच्या जुन्या धक्क्याखाली. मादी. शिकारीच्या बेतात." नेकोने होडी अशी वळवली की त्याचं एक गिऱ्हाईक मागच्या मागे पडलं.

आम्हीही गेलो. काहीच नव्हतं. बेलमिरो म्हणाला, "आत्ताच आत गेली." सगळे तासभर झुडपाकडे बघत बसले.

पण माझं काम झालं. नशीब म्हणतात ते हेच. संध्याकाळी संत बेनेदितोपुढे मेणबत्ती लावली. बेलमिरो परसात मासे साफ करत होता. मेणबत्तीकडे बघून म्हणाला, "कोणासाठी?" मी वात सरळ केली.

२७ ऑगस्ट

परत तेच. दोन होड्या ओढ्याच्या बाजूला सरकल्या आणि बेलमिरोला पार खाली, नदीच्या दुसऱ्या टोकाला जग्वार दिसला. गेलो तर कापिबारा, डुकराएवढा उंदीर. लठ्ठ, ओला, निवांत चरत बसलेला.

नेको रेडिओवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजोबा, याला मिशा आहेत खऱ्या, पण ठिपके कुठे गेले? धुऊन निघाले का?"

बेलमिरो म्हणाला, "ऊन डोळ्यांवर होतं."

ऊन त्याच्या पाठीवर होतं. मी बघितलं. आमच्या बाबांचे डोळेही याच वयात गेले. शेवटी शेवटी ते बैलाला आईच्या नावाने हाक मारायचे. बैल येतही असे.

१ सप्टेंबर

दक्षिणेला गवताला आग लागली आहे. सूर्य दिवसभर तांब्याच्या ताटासारखा. धुरामुळे साहेबांची चिडचिड; मग निळे मकाव पोपट धुरातून उडत आले, त्यांचा फोटो बघून स्वतःच थक्क झाले. मला दाखवला. खरंच चांगला होता. मी तसं सांगितलं.

परतताना म्हणाले, "जुरेमाबाई, तुम्हाला माहीत आहे कुठेतरी. पिल्लं. तुमच्या तोंडावर दिसतं."

"माझ्या तोंडावर गोमाशा चावलेल्या दिसतात."

"मी एकटाच असेन. दहा मिनिटं. कोणाला सांगणार नाही."

पुस्तक छापून वेष्टनावर घालणार आणि कोणाला सांगणार नाही! पण खरं लिहायचं तर मन डळमळलं. माणूस चांगला आहे. आणि त्या फोटोबरोबर पुस्तकात माझं नाव आलं असतं, नावाडी जुरेमा म्हणून. रात्री आडवी पडले तरी तेच डोक्यात. शेवटी मला तो फोटो डोळ्यांसमोर येईना, मधल्या धारेत सुटलेलं पिल्लूच यायला लागलं. नाही म्हणजे नाही.

५ सप्टेंबर

बेलमिरोच्या हाकेला आता कोणी हलत नाही. म्हणजे हलतात, पण शिव्या देत. काल त्याने ओंडका दाखवला. आज काहीच नाही दाखवलं, नुसतंच "होता" म्हणाला. त्याची गिऱ्हाइकं, जर्मन नवराबायको, दोना ओंदिनाकडे गेली आणि दुसरा नावाडी मागितला.

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण "भात शिजव" म्हणणाऱ्याला वर्षाच्या आत देव दाखवतो, असंही वाटलं. वाटलं ते लिहिलं.

ओढ्याकडे अजून कोणी गेलेलं नाही. माझी मेणबत्ती चालू आहे.

८ सप्टेंबर

दोना ओंदिनाने स्वयंपाकघराच्या मागे बोलावलं. सुक्या मांसाच्या भाताची, आमच्याकडे त्याला मारिया इझाबेल म्हणतात, ताटली हातात दिली. ती खायला देते तेव्हा काहीतरी कडू विचारायचं असतं.

"तुझा भाऊ आहे. मी त्याला तीस वर्षं ओळखते. तो काही कबूल करत नाही. नुसता मान खाली घालून उभा राहतो. तू खरं सांग. डोळे गेलेत का?"

मी विचार केला. खोटं बोलून त्याला होडीवर ठेवलं आणि एखाद्या धुराच्या दिवशी ओंडक्यावर होडी घालून माणसं बुडवली तर?

"गेलेत," म्हटलं. "बाबांचेही गेले होते."

"तू म्हणतेस म्हणून मानते. दुसरं कोणी म्हटलं असतं तर नसतं मानलं."

भात संपवला. चांगला होता.

९ सप्टेंबर

बेलमिरोला होडीवरून उतरवलं. आता तो कुंपणं आणि धक्के दुरुस्त करेल. नेकोने टाळ्या वाजवल्या, मग कोणीच वाजवल्या नाहीत म्हणून थांबला. बेलमिरोने चावी दोना ओंदिनाच्या हातात दिली आणि माझ्याजवळून जाताना थांबला. वाटलं, आता बोलणार, तूच चुगली केलीस म्हणून. म्हणाला, "तुझ्या मोटरचा आवाज बदललाय. बघून घे."

डोळे गेले की कान तीक्ष्ण होतात म्हणतात.

१५ सप्टेंबर

आज काय झालं ते नीट लिहिते.

दोना ओंदिनाने सांगितलं, बेलमिरोला पिकिरीवरच्या चौकीच्या धक्क्यावर सोड, फळ्या बदलायच्यात. साहेब दुपारनंतर होडीवर येणार होते, म्हणून सकाळी आम्ही दोघंच. तो पुढे बसला, माझ्याकडे पाठ करून. मी ठरवलं होतं, काही बोलायचं नाही.

धूर होता, पाण्यावर चकाकी. त्याने बसल्या बसल्या डावा हात उचलला. "बुंधा." मला काही दिसेना. होडी उजवीकडे घेतली. बऱ्याच वेळाने बाजूने बुंधा गेला, पाण्याखाली वीतभर. वाटलं, नदी पाठ आहे त्याला. पण बुंधा काही पाठ नसतो, तो वाहून आलेला असतो.

मग म्हणाला, "टॅपिर पोहतोय." मी दुर्बीण लावली. फार लांब, आखूड सोंड पाण्यावर काढून, खरंच टॅपिर.

ओढ्याजवळ आलो. मी तिकडे बघितलंही नाही, मुद्दाम. तो म्हणाला, "मोटर बंद कर. लाट जाईल आत. ती आज बाहेर आलीय, पिल्लं पाण्याशी आली आहेत, पोहत नाहीत अजून. धाकट्याचा कान फाटलाय."

मोटर बंद केली. दुर्बिणीतून जलपर्णीच्या फटीत आधी नुसता काळोख दिसला, मग ठिपके, मग दोन पिल्लं. एकाचा कान फाटलेला.

दुर्बीण खाली घेतली. विचारलं, "तुला कधीपासून दिसतं?"

"कधी दिसत नव्हतं?"

"आणि कापिबारा? ओंडका?"

"कापिबारा कापिबाराच होता. न कळायला मी काय नेको आहे?"

होडी धारेने हळूहळू मागे चालली होती. तो पिल्लांकडेच बघत होता. "रिकामी टोपली घेऊन, चेहरा असा करून बाहेर आलीस. मासे म्हणे. तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही."

"मला सांगायचं होतंस!"

"तू सांगितलंस मला?"

मी वल्हं पाण्यात घातलं. मग म्हटलं, "दोना ओंदिनाने मला विचारलं होतं. मी सांगितलं, तुझे डोळे गेलेत म्हणून."

"कळलं मला."

"मला खरंच तसं वाटत होतं."

"म्हणून तर तिने मानलं," म्हणाला. "गेल्या वर्षीचं एक पिल्लू बास झालं. चल, फळ्या वाट बघतायत."

मला त्याच्या पाठीकडे बघवेना. लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. चौकीवर त्याला सोडलं, फळ्या उतरवायला हात लावला तर म्हणाला, "तू होडी सांभाळ."

१६ सप्टेंबर

दोना ओंदिनाकडे गेले. ओढ्याचं नाव न घेता सांगितलं, बेलमिरोचे डोळे ठणठणीत आहेत, माझी चूक झाली.

तिने हातातलं केळं सोलता सोलता माझ्याकडे बघितलं. "बहिणीची माया आहे ती. कळतं गं मला."

"माया नाही. काल त्याने पाण्याखालचा बुंधा दाखवला."

"मग महिनाभर आम्हाला कापिबारा का दाखवत होता? गंमत म्हणून?"

यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं आणि ते त्या अंजिराच्या झाडाखाली बसलं होतं. ती म्हणाली, "कारण दाखव, आज चावी परत देते." मी उभी राहिले. साहेबांना, नेकोला, तिला, सगळ्यांना घेऊन ओढ्यात जायचं, एवढंच करायचं होतं. भावाचं नाव एका सकाळीत परत आलं असतं.

"कारण नाही," म्हटलं.

"मग जा कामाला." भावाविरुद्ध बोलले ते तिने लगेच मानलं, बाजूने बोलले ते मानलं नाही. तिचं चुकलं असंही म्हणता येत नाही.

घरी येऊन बेलमिरोला सांगितलं. तो चिडला. "तुला कोणी सांगितलं होतं तिकडे नाक खुपसायला?" मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं होतं? पण वर्षभरात घरात एकमेकांशी बोललो ते पहिल्यांदाच.

२० सप्टेंबर

सकाळी नेको परत ओढ्याशी. या वेळी गळ टाकायला, आणि होडी आत ढकलायला लागला. जलपर्णी आता सुकून विरळ झाली आहे. बेलमिरो घरी, त्याच्याकडे होडी नाही. घरातला जुना रेडिओ तेवढा आहे, पण घरात बसलेल्याला जग्वार कुठून दिसणार?

माझ्या होडीत साहेब. समोर खंड्या मासा आपटत होता, ते त्याच्यावर लेन्स रोखून. मी रेडिओ घेतला आणि ओरडले, "जग्वार! जग्वार! कुयाबावर, मोठ्या वळणाला!"

साहेबांनी डोळा लेन्सवरून काढला. आम्ही कुयाबावर नव्हतोच.

नेको वळला. सगळे वळले. मलाही जावं लागलं. सगळ्यांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि काठाकडे बोट दाखवलं. काठावर एक बगळा होता.

"घ्या!" नेको म्हणाला, रेडिओवर नाही, तोंडानेच. "डोळे घराण्यातच गेलेत! दोना ओंदिनाला सांगा, दोघांना मिळून एक चष्मा घ्या म्हणावं." सगळे हसले. जर्मन नवराबायकोही हसले, काही न कळता.

परतताना साहेब माझ्याकडे वळले. मग विचारलं, "होता का खरंच?"

"होता."

"बरं," म्हणाले आणि लेन्सवर टोपण लावलं. धक्क्यावर दोना ओंदिना उभी होती, बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. "तूही?" एवढंच म्हणाली. अशा अजून दोन-तीन झाल्या की माझी चावी जाणार, ते तिलाही कळलंय, मलाही.

घरी आले तर बेलमिरो पाकू मासा तळत होता. माझ्याकडे वळलाही नाही.

"घाई केलीस," म्हणाला.

"कशात?"

"हाक देताना. ऐकलं मी. जग्वार जग्वार म्हणून बोंब मारलीस. खरा जग्वार दिसलेला माणूस बोंब मारतो होय? आधी बटण दाबायचं आणि गप्प राहायचं. मग हळूच विचारायचं, जवळपास कोण आहे. त्यांना वाटलं पाहिजे, हिला सांगायचं नाहीये, नियम म्हणून सांगतेय. मग बघ कसे येतात."

"आणि पोचल्यावर?"

"एका झुडपाकडे बघत राहायचं. एकाच. बोट दाखवायचं नाही. आणि आपल्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तर मुळीच बघायचं नाही. तू बघितलं असशील."

बघितलं होतं.

त्याने मासा उलटला, हात पुसले आणि रेडिओ बंद करून माझ्या हातात दिला. "म्हण आता. हळू."

जेवायच्या आधी चार वेळा म्हणवून घेतलं. तीनदा डोकं हलवलं. चौथ्यांदा म्हणाला, "ही चालेल."